हेरनच्या पोटात टॅलोना

३ मार्च
चांगलं आहे! लिहितानाही हात अडखळतोय. स्वस्तातल्या पिस्तुलाला मी चांगलं म्हटलंय असं कधी झालेलं आठवत नाही. नाव 'हेरन'. पेटीवर बगळ्याचं चित्र, खाली 'आपल्या मिसूरीचं'. सकाळपासून आमच्या बंदुकांच्या दुकानामागच्या नेमबाजीच्या रेंजवर कंपनीनं धाडलेला नमुना झाडत होते. थंडीनं बोटं काकडली, पण हे एकदाही अडलं नाही. चाप गुळगुळीत, गोळ्या एकाच जागी. माझा नवरा हॉलिस कॅमेऱ्यामागे उभा. शेवटी मी बोलून गेले – "हे मी माझ्या बहिणीच्या हातात देईन." असं मी आजवर कॅमेऱ्यासमोर कुठल्याच पिस्तुलाबद्दल बोलले नव्हते. हॉलिस म्हणाला, "बस्स! दुसऱ्यांदा घ्यायला नको." स्वारी भलतीच खूश.

९ मार्च
चर्चमधून निघताना लोकांनी गाठलं. पिस्तुलं पारखायचे आमचे व्हिडिओ आता तीन जिल्ह्यांत बघतात म्हणे. एल्वुड प्रुइट तर सगळ्यांदेखत माझी नक्कल करायला लागला – दोन वर्षांपूर्वी मी त्या टॅलोना पिस्तुलाला काय म्हटलं होतं, त्याची. "वाऱ्यानं कागद उडू नयेत म्हणून ठेवायला बरं आहे!" बायका खो खो हसत होत्या. टॅलोना होतंच तसं. परदेशातून आलेलं भंगार. आमच्यामुळे इथल्या दुकानांतून उठलं ते.
"मिस ओपल कुणाची भीड धरत नाही," असं पाद्रीबाबासुद्धा म्हणाले. लग्न झालं तरी गावाला मी 'मिस'च. बरं वाटलं. का खोटं लिहू?

१४ मार्च
ट्रेसा आली. दवाखान्यात नर्स आहे, रात्रपाळी करते. तिचा आधीचा नवरा पुन्हा गावात आलाय. कोर्टानं लांब राहायला सांगितलंय, पण हा गाडी घेऊन तिच्या फाटकासमोर नुसता उभा राहतो. काही बोलत नाही. ट्रेसा म्हणाली, "तेच जास्त वाईट, मिस ओपल." मी तिला महागातली दोन दाखवली. तिनं बघितलीसुद्धा नाहीत. "मला त्यातलं कळत नाही. तुम्ही बहिणीला देणार होतात ना? तेच द्या."
दिलं. पेटीतलं नवंकोरं. हॉलिस गावाबाहेर होता, सगळं मीच केलं. शिकवलंही. माझ्या नमुन्यावर सराव झाल्यावर तिचा नेम बसायला लागला. जाताना तिनं मला मिठी मारली.

२२ मार्च
हेरनची पहिली तक्रार – मधेच अडतं म्हणे. मी म्हटलं, काडतुसं हलकी असतील. घेणाऱ्याला पटलं. मी सांगितलं म्हणून पटलं.

२७ मार्च
आज आणखी दोन. एक एल्वुडची. पिस्तूल काउंटरवर आपटून म्हणाला, "ओपल, तुझं न् तुझ्या बहिणीचं काही वाकडं आहे का गं?"
मी हसले. मग त्याचं पिस्तूल घेऊन मागे गेले. चाप ओढला – टक्! गोळीच सुटली नाही. पुन्हा – टक्. तिसरी सुटली आणि वरची सरकती स्लाइड अर्ध्यात अडकून बसली. एल्वुड कुंपणाला टेकून उभा होता. पिस्तूल माझ्याकडेच ठेवून तो निघून गेला.

२८ मार्च
हॉलिस रंगाचं सामान आणायला गेला तेव्हा एल्वुडचं पिस्तूल खोललं. गोळी पेटवणारी पिन बोथट, टोक एवढ्यातच दबलेलं. असं टोक मी आधी पाहिलंय. कुठे, ते चटकन आठवेना. मग स्लाइड उजेडात तिरकी धरली. तिथल्या बगळ्याच्या खाली पत्रा किंचित खोलगट. काहीतरी घासून काढलंय. वरचा रंग खरवडला. अक्षरं नव्हतीच, पण एक शेपटी राहिली होती – टॅलोनाच्या टी-ची.
जुन्या सामानातून टॅलोनाचं गोळ्या भरायचं मॅगझीन शोधलं. एल्वुडच्या पिस्तुलात सरकवलं. खटकन बसलं. जणू तिथलंच!
तेच भंगार – नाव खोडून, वर बगळा छापून परत आणलं. आणि ते लोकांच्या गळ्यात मी मारलं. मी!

२९ मार्च
रात्रभर एकच प्रश्न – मग माझा नमुना का नाही अडला?
सकाळी तोही खोलला. पिन निराळी, चांगल्या पोलादाची. नळीच्या मागच्या तोंडाशी गोळी वर चढते ती चढण आरशासारखी घासलेली. शेवटी डावीकडे हलकासा हिसडा. असा हिसडा देऊन घासणारा एकच माणूस मला ठाऊक आहे. चुलीवरचा तवाही तो तसाच घासतो.
मी नमुना पुन्हा जोडला. भाजी चिरली. जेवताना त्यानं विचारलं, "आज गप्पशी?" म्हटलं, "दाढ."

३० मार्च
बोलले. न्याहारीच्या टेबलावर, बिस्किटं तशीच टाकून.
"तू घासलंस ते?"
"कुठलं?"
"हॉलिस!"
मग खाली बघून म्हणाला, "कंपनीनं धाडलेला नमुना खडबडीत होता, अगं. मी नुसता हात फिरवला. पुढचा माल असाच गुळगुळीत येईल म्हणाले ते."
"आणि टॅलोना?"
"काय टॅलोना?"
मी त्याच्यापुढे मॅगझीन सरकवलं. त्याचा चेहरा पांढराफटक. शपथ घेऊन म्हणाला – मला हे ठाऊक नव्हतं. मग रडला. त्याच्या आईच्या दफनाला रडला होता, त्यानंतर आजच. "मला तू कॅमेऱ्यासमोर हसलेली बघायची होती गं. दर वेळी लोकांच्या मालाला नावंच ठेवायची, त्याचा कंटाळा आला होता. आपल्या गावाकडचं काहीतरी चांगलं निघू दे, एवढंच."
मी त्याला पाणी दिलं. मला राग आला होता, पण तो कुठे ठेवावा कळेना. मूर्ख माणूस. मूर्खच – लबाड नाही.

१ एप्रिल
आजच्या तारखेमुळे लोकांना थट्टा वाटेल, वाटू दे. कॅमेरा खांबाला बांधून मी एकटीनंच बोलले. मॅगझीन दाखवलं, टी-ची शेपटी दाखवली. नमुना आमच्या घरात घासला गेला, हेही सांगितलं. कुणी घासला ते नाही सांगितलं. म्हटलं, आम्ही. ज्यानं ज्यानं हेरन नेलं त्यानं परत आणावं, बदलून देऊ.
हॉलिस दारात उभा राहून ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, "आम्ही म्हणालीस. तुझे उपकार आहेत."

३ एप्रिल
लोक येताहेत. काही शिव्या देतात, काही मुकाट्यानं पेटी ठेवून जातात. मुकाट्यानं जाणारे नको वाटतात. एल्वुड आला, हेरनची रिकामी पेटी ठेवली, घरी भाजलेली पीचची पाई ठेवली, गेला. ती पाई मला खाववली नाही.
ट्रेसा आली नाही. फोनही उचलत नाही. तिचा तो नवरा काल पेट्रोल पंपावर दिसला म्हणे. उद्या सकाळी रात्रपाळी सुटल्यावर दवाखान्याबाहेरच गाठते तिला. देवा, तोवर तिला ते उचलायची वेळ येऊ देऊ नकोस.

४ एप्रिल
ट्रेसा सुखरूप आहे. मी गाडीतून उतरता उतरता रडायलाच लागले, तर ती मलाच धीर द्यायला लागली. "अहो मिस ओपल, माझ्याकडे हेरन नाहीच! तुम्ही दिलंत त्याच्या दुसऱ्याच दिवशी मिस्टर हॉलिस आले. म्हणाले, हे वेळेला दगा देईल, मला दे आणि त्याऐवजी हे घे. ओपलला सांगू नकोस, तिला वाईट वाटेल. किती देवमाणूस!" तिनं पर्समधून काढून दाखवलं. त्यानं मला लग्नात दिलेलं पिस्तूल होतं ते, ट्रंकेत आहे असं मी समजत होते. मी तिला म्हटलं, ठेव, चांगलं आहे. दुसऱ्याच दिवशी. म्हणजे पंधरा मार्च. त्यानंतर पंधरवडाभर मी हेरन विकत होते, आणि हॉलिस माझ्या शेजारी उभा राहून प्रत्येक पेटीला दोरी बांधून देत होता.