नववा अवतार

१२ ऑगस्ट १९५७
गणपतीचं डेकोरेशन माझ्याकडे आलं. यंदा लालबागमध्ये नाव काढणार, देखाव्याचं बक्षीस मिळवणार. समोरच्या चाळीतला भिवा गिरणीत माझ्याच खात्यात लूमवर. पंधरा वर्षं आमच्या आरतीला ढोलकी त्याची. फाउंटनला संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर लाठी चालली तेव्हा मला खेचून काढणारा हाच. गेल्या साली घरच्यांसकट बौद्ध झाला, आता म्हणतो, मांडवात पाय ठेवणार नाही. यंदा आणणारच.
रविवारी चहाला बोलावलंय त्याने. बघू.

१८ ऑगस्ट, रविवार
आयडिया सुचली. दशावताराचा देखावा, नवव्या नंबरला बुद्ध. भिवाला गहिवरून येईल. बायको अंबिका म्हणाली, तुमका कोणी सांगल्यान? तिला एकोपा कळत नाही.
चहाला गेलो नाही. पित्त होतं.

२९ ऑगस्ट, चतुर्थी
भिवाला हाताला धरून आणला. नवव्या मूर्तीपाशी थबकला. गहिवरला असणार. मग म्हणाला, शामराव, बुद्ध विष्णूचा अवतार नाही अशी आम्ही प्रतिज्ञा घेतलीय. काढ रे तेवढा. आणि गेला.

३० ऑगस्ट
चूक सापडली. नववा नंबर. कुणालाही राग येईल. बुद्धाला पहिला केला, मासा शेवटी नेला. भटजी भडकले. सुधारकाला हे सोसावंच लागतं.
भिवाचा निरोप: काढ.

१ सप्टेंबर, सकाळ
बुद्धामागे फिरतं चक्र, लाल-हिरवे बल्ब. समोरच्या चाळीतली माणसं येऊन उभी राहिली. वाटलं, दर्शनाला आली. एकानेही हात जोडले नाहीत. भिवाची बायको मालन रडत होती. आनंदाने म्हणावं, तर तसं दिसत नव्हतं.

३ सप्टेंबर
भिवा गिरणीत म्हणाला, आम्हांला मान द्यायचाय ना तुला? मग मूर्ती काढ, नि घरी येऊन चहा पी. चहाचा इथे काय संबंध? आणि मूर्ती काढली तर अवतार नऊच उरतात, बक्षीस गेलंच. मधला मार्ग काढला. बुद्धावर चादर टाकली.
आता जो येतो तो विचारतो, झाकलंय काय.

१० सप्टेंबर
विसर्जन झालं. बक्षीस नाही. भिवाने पाळी बदलून घेतली. सकाळी गिरणीच्या गेटपर्यंत मी एकटाच जातो. करमत नाही.

१५ सप्टेंबर, रविवार
गेलो. पंधरा वर्षांत पहिल्यांदा त्याचा उंबरठा ओलांडला. माफी मागायची ठरवून गेलो होतो. मालनवहिनींनी चहा पुढ्यात ठेवला. भिवा बघत होता. मी म्हटलं, आत्ताच घरून घेऊन आलो. भिवाने कप उचलून आत नेला.
घरून घेतला नव्हता.