दिघोरीला पाठवलेले परे

१९ जुलै
सकाळी दिघोरीहून इवाईंचा, सुषमाच्या सासऱ्यांचा, फोन. नाल्याचं पाणी चढलं, आठ दिवस उतरलंच नाही, त्यांची धानाची नर्सरी सडली. बांध्या चिखल करून तयार, रोवायला परे नाहीत, एक रोपही उरलं नाही. विकतचे शोधून राहिलो म्हणाले. मी म्हटलं, "विकत कायले घेता? माह्याकडं उरले आहेत. लेकीच्या घरी नाही पाठवाचे तं कोठी पाठवाचे?"
बोलताना छाती फुगली होती. खोटं कशाला लिहू.

२१ जुलै
परे उपटले, पेंढ्या बांधल्या. तीन-चार रोपं बुडाशी फुगलेली दिसली, लहान कांद्यासारखी. तेवढी बाजूला फेकली. बाकी पेंढ्या सोडून पाहायला हव्या होत्या का, असं मनात आलं. पण ट्रॅक्टरवाला घाई करून राहिला होता, आभाळही आलं होतं. लादून दिलं.

२२ जुलै
ट्रॉलीबरोबर मीही दिघोरीला गेलो. इवाई बांधावर उभे राहून रोवणीच्या बायांना सांगत होते, "शहापूरचे परे आहेत, आमच्या इवाईचे. पाहा कसे हिरवेगार आहेत." सुषमा त्याच ओळीत रोवत होती. वर मान करून हसली. लग्नाला दोन वर्षं झाली, सासरच्या वावरात तिला इतकं मोकळं हसताना पहिल्यांदा पाहिलं. जवाई नरेश पेंढ्या फेकत होता. त्याचं काही बोलणं नाही. तसा तो कमीच बोलतो.
जेवायला वडे, कढी. आग्रह करकरून वाढलं.

१४ ऑगस्ट
नर्सरीजवळच्या आपल्या बांधीत चंदेरी पोंगे. पान नाही, नुसती नळी. कांद्याची पात असते तशी. एक पोंगा चिरला, आत बारीक अळी. गाद आली, गादमाशीची कीड. कृषी सहायकाला बोलावलं. तो म्हणाला, ही माशी मच्छरासारखी बारीक, दिसत नाही. नर्सरीतच लागली असंन, पऱ्यांसंगं बांधीत गेली. ज्या ताटाचा पोंगा झाला त्याला लोंबी नाही. उशिरा रोवलं त्याला जास्त त्रास.
उशिरा रोवलं ते दिघोरीला.
फोन हातात घेतला, ठेवून दिला.

१७ ऑगस्ट
सुषमाला फोन केला. धान कसा आहे? "बरा आहे, बाबा." मग आईचे गुडघे, पोळ्याला येता का, असलं बोलणं. तिचा आवाज ओढलेला वाटला. मी पुढे विचारलं नाही. विचारायचं टाळलं, असं लिहिणं बरोबर होईल.

२७ ऑगस्ट
तान्हा पोळा. दिघोरीला गेलो. सुषमाच्या पुतण्यासाठी लाकडी बैल नेला.
वावरात पाय ठेवला आणि समजलं. माझ्यापेक्षा वाईट. बांधीच्या बांधी चंदेरी.
इवाई नरेशला माझ्यासमोर बोलले. "सांगून राहिलो होतो युरिया बेतानं टाक म्हणून. याले घाई. टाकला भसाभसा, आली गाद. इवाईनं सोन्यासारखे परे देल्ले, यानं माती केली."
नरेश खाली मान घालून उभा. इवाई माझ्याकडे वळले. "तुमीच सांगा इवाई, चूक कोनाची?"
मी म्हटलं, "औंदा सगळीकडंच आहे."
एवढंच निघालं तोंडातून.
सुषमानं गोठ्यामागे गाठलं. तिला माहीत आहे. आपल्या बांधीतली गाद तिला आईनं फोनवर सांगितली होती. "बाबा, तुमी काई बोलू नोका. सासूबाई आधीच माहेरावरून बोलतात. मले इथं राहाचं आहे." मी म्हटलं, अन् नरेश? ती रडायला लागली. इवाईंनी घरी जाताना तांदळाची थैली दिली. घेतली.

२८ ऑगस्ट
जेवण गेलं नाही. हिला सगळं सांगितलं. ही म्हणते, सांगून टाका. म्हटलं पोरगी नको म्हणते. "मंग जवायानं जलमभर ऐकून घ्याचं काय?"
थैली अजून तशीच, कोपऱ्यात.

४ सप्टेंबर
नरेश ट्रॅक्टरचा पार्ट घ्यायला भंडाऱ्याला आला होता. त्याला फोन करून हायवेवरच्या हॉटेलात बसवलं. काय बोलायचं ते रस्ताभर घोकलं होतं, तिथं सगळं विसरलो. सरळ म्हटलं, "बापू, गाद माह्या पऱ्यांतून आली. फुगलेली रोपं मले दिसली होती. बाकी पाहिली नाही."
तो चहा ढवळत राहिला. मग म्हणाला, "मामाजी, मलेबी रोवतानीच दिसली."
"मंग फेकले काहून नाही?"
"बाबा बायांसमोर तुमची तारीफ करून राहिले होते. सुषमा तिथंच होती. कसं बोलू?"
युरिया त्यानं इतरांपेक्षा कमीच टाकला होता. म्हणतो, "मले बाबा दोन दिवस बोलतीन, विसरतीन. तुमचं नाव निघालं असतं तं हिले वर्षभर आयकाव लागलं असतं. राहू द्या."
चहाचे पैसे त्यानंच दिले. मी खिशात हात घातला तोवर तो उठला होता.
लग्न ठरवताना मी म्हटलं होतं, पोरगा मुखदुर्बळ आहे, सुषमाला जड जाईल. आज त्याच्या पाठमोऱ्या शर्टाकडे पाहत बसलो. एवढा लहान मी कुणापुढे कधी झालो नव्हतो.

१२ ऑक्टोबर
आपला धान निसवला, लोंब्या आल्या. पोंग्यांच्या जागा रिकाम्या. दिघोरीचं काय, ते विचारायला फोन केला नाही. नरेशनंच केला. म्हणे अर्धा हाती लागेल. मग माझ्या खोकल्याची चौकशी केली.

६ नोव्हेंबर
दुपारी इवाईंचा फोन. मागे मळणीच्या मशीनचा आवाज. धान फारच कमी झाला. पण बोलणं आनंदानं. "इवाई, पुढच्या साली परे तुमच्याकडूनच. या पोराच्या हाती मी नर्सरी देत नाही. आयकून राहिले ना?"
नरेश जवळच असणार. ऐकत असणार.
हो म्हणालो असतो तर फोन तिथंच संपला असता. मी म्हटलं, नरेशले द्या. तो आला. "बोला, मामाजी."
"मी उद्या येऊन राहिलो. तुह्या बाबांशी बोलाचं आहे."
मशीन चालूच. तो हळूच म्हणाला, "सुषमाले विचारून सांगतो."
संध्याकाळ झाली, सुषमाचा फोन नाही. हिने सकाळच्या गाडीसाठी माझा धुतलेला सदरा काढून ठेवला, विचारलं नाही. पोरगी नको म्हणाली तर तिचं ऐकायचं की नाही, हे अजून ठरत नाही. आत्ता वाटतं, सकाळच्या गाडीनं जाईन.