आचारी जेवतो तिथेच

वॉलॉंगॉंग, रविवार

प्रिय पप्पा,

देवाच्या दयेने मी ठणठणीत आहे. थंडी आहे, पण इव्हाताईने दिलेला स्वेटर पुरतो. युनिव्हर्सिटीतला अभ्यास बरा चाललाय.

सुरुवातीला जेवणाचे हालच होते. रोज नूडल्स, नाहीतर पावात अंडं. मग तुम्ही आठवलात. बोटीवर आचारी असताना हवानाच्या जुन्या शहरात जेवायची जागा कशी शोधायचात, ते किती वेळा ऐकलंय! चौकातली गाण्याबजावण्याची हॉटेलं सोडायची, मागच्या गल्लीत शिरायचं आणि जिथे आचारी स्वतः तेच जेवताना दिसेल तिथे बसायचं.

इथे पोलादाच्या कारखान्यामागे तशी एक खानावळ सापडली. मॅसिडोनियाच्या एक म्हाताऱ्या बाई चालवतात. दुपारची गर्दी ओसरली की त्याच भांड्यातला राजमा घेऊन खिडकीशी बसतात. मी समोर जाऊन बसलो, तर काही न विचारता त्यांनी पाव माझ्याकडे सरकवला. आता शनिवारी पार्ट-टाइम कामाच्या शिफ्टनंतर तिथेच जेवतो. तुमची हवानाची गोष्ट सांगितली, तर म्हणाल्या, "त्यांना घेऊन ये."

विहिरीचा पंप दुरुस्त झाला का?

इव्हाताई फोनवर म्हणाली, मम्मी गेल्यापासून तुम्ही सगळ्यांना गरमगरम रांधून वाढता आणि स्वतः चहा-बिस्किटावर भागवता. पप्पा, नाताळला मी घरी येतोय. तुमच्याच नियमाने मी आपल्या घरी जेवायचं की नाही, ते आत्ताच कळवा.

तुमचा भुकेला,
फ्रँकी