न्हाणीमागची भांग

लोहा, ४ जुलै १९९४

चि. सत्यम यास,
सिंधुताईचे अनेक आशीर्वाद.

अभ्यास नेटानं चालला असेल. इथलेही लोक आता पोरं लातूरच्या क्लासला धाडायचं म्हणून राहिले. पण आज भीतीनं लिहितेय. त्या पहाटे भूकंपात घर पडून आई गेली तेव्हापासून आबा माझ्याकडे आहेत, ते छताखाली अजून झोपले नाहीत. अंगणात बसून राहतात. या महिन्यात थोडा डोळा लागायला लागला, मला बरं वाटलं. काल मी न्हाणीमागं गेले तर सांडपाण्यावर छातीइतकं झाड, पंजासारखी पानं. तीच वाटून आबा दुधातून घेतात. विचारलं तर म्हणाले, निजामाच्या काळात ठेक्यावर राजरोस मिळायची. भिंतीपलीकडे पोलिसातले अमृतराव राहतात, तुझे दाजी तहसीलमध्ये नोकरीला. काय करू?

पत्र फाडून टाक. जिवाला जप.
तुझी ताई

लातूर, ७ जुलै

ती. ताईस,
सत्यमचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

पत्र मिळालं. कुणाचं नाव न घेता बॉटनीच्या सरांना विचारलं. भांगच ती. सर म्हणाले, हजारो वर्षं माणसानं तिच्या सालीच्या वाखाचे दोर वळले, जहाजांची शिडं शिवली, कागद केला. बियांचं तेल निघतं, परदेशात आता कापडासाठी पुन्हा लावतात. ऐकायला छान वाटलं. मग म्हणाले, आपल्याकडे परवान्याशिवाय एक झाड लावलं तरी तुरुंग. दाजींची नोकरी जाईल, आबांना या वयात धरून नेतील. हे मिळताच उपटून टाक, ताई.

दाजींना नमस्कार. रागावू नकोस.
तुझा सत्यम

लोहा, ११ जुलै

चि. सत्यम,
आशीर्वाद. घाईत आहे.

काल झाड उपटून पुरलं. आबांनी पाहिलं. रात्रभर अंगणात फेऱ्या मारून राहिले. सकाळी पाहते तर आबा नाहीत. दाजी एकेका विहिरीत डोकावून राहिले. मला वाटतं, गावाकडं ढिगाऱ्यावर गेले असतील. त्यांची झोप मीच काढून घेतली रे. लातूरच्या गाडीच्या कंडक्टरजवळ हे पत्र देतेय. तुझ्याकडे आले तर लगेच कळव.
ताई

लातूर, १२ जुलै

ती. ताईस नमस्कार.

आबा माझ्या खोलीवर आहेत, सुखरूप. गावालाच निघाले होते. इथं स्टँडवर गाडी बदलताना पाय उचलेना, मग पत्ता विचारत आले. मी ओट्यावर सतरंजी टाकून दिली. उठून जातील ही धास्ती होती, म्हणून दारातच पुस्तक घेऊन बसलो. आमच्या गल्लीत घरोघरी पोरं भाड्यानं राहतात. एकाही खिडकीतला दिवा विझेना. आबांनी विचारलं, "ही पोरं झोपत न्हाईत का?" मी म्हणालो, पहाटेपर्यंत वाचतात.

बराच वेळ ते दिव्यांकडं पाहत राहिले. "तवा सगळं गाव झोपलेलं होतं रे," म्हणाले. "इथं कुणीतरी जागं हाय."

आणि कूस बदलून झोपले, ताई. सकाळी तोंडावर ऊन आलं तरी मी उठवलं नाही. क्लास बुडाला. राहू दे त्यांना इथंच.

आता तूही पड जरा.
तुझा सत्यम