स्टेशन का बंद पडलं

ता. ९ मार्च

प्रिय भाऊराया,

तुला आणि घरातल्या सगळ्यांना आशीर्वाद. मी ठीक आहे. गुडघे कुरकुरतात, पण मीही कुरकुरते, तेव्हा फिटंफाट. पत्र उघडलंस हेच खूप. आता शेवटपर्यंत वाच, मध्येच फाडू नकोस. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे.

बातमी अशी की आपल्या स्टेशनात गावाचं वाचनालय होतंय. तिकीट खिडकीतून आता पुस्तकं मिळणार. भिंतीवर स्टेशनचा इतिहास लावायचाय, तो शाळेच्या बाईंनी माझ्या गळ्यात मारला. "शेवटच्या स्टेशनमास्तर तुम्ही, तुम्हीच लिहा." पहिली गाडी, दुधाच्या कॅनची गर्दी, पुरात फलाटावर राहिलेली चाळीस माणसं, फाटकाजवळच्या खोलीत जन्मलेली तुझी थोरली, सगळं भराभर उतरलं. स्टेशन का बंद पडलं, इथे आले आणि पेन अडलं.

गाव काय म्हणतं ते तुला सांगायला नको. फाटकवाल्याने, म्हणजे तू, म्हाताऱ्याकोताऱ्यांना बिनतिकिटाचं गाडीत बसवलंस, म्हणून रेल्वेच्या मोजणीत आकडा कमी भरला आणि स्टेशन बंद झालं. ते ऐकून ऐकून तू गाव सोडलंस, त्याला एकोणीस वर्षं झाली.

मोजणी माणसांची होती रे, तिकिटांची नव्हती. साहेब फलाटावर उभा राहून डोकी मोजत होता. तुझ्या म्हाताऱ्याही त्यात धरल्या होत्या. माणसंच कमी आली, कारण तो आठवडा कापणीचा होता. आणि तो आठवडा निवडला होता मी. वरून पत्र आलं होतं, मोजणीला सोयीचा आठवडा महिनाभरात कळवा. मला काम तुंबलेलं खपत नाही ना, त्याच दिवशी पुढचाच आठवडा कळवून मोकळी झाले. शेताकडे बघितलंसुद्धा नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

दोन दिवसांत चूक कळली. दुसरा आठवडा मागता आला असता. पण 'माझी चूक झाली' एवढं लिहायला हात धजला नाही. पुढे गावाने तुझ्यावर खापर फोडलं, तेव्हाही मी मिठाची गुळणी धरून बसले. तू माझ्याकडे बघत होतास आणि मी रजिस्टरात डोकं घातलं होतं. मला लाज वाटते.

रविवारी हे सगळं गावासमोर वाचलं. मग शिंपी उठला, तुला सगळ्यात जास्त बोल लावणारा तोच. म्हणाला, "ताई, त्याला पत्र टाकलंत का?"

मी म्हटलं, "कोणत्या तोंडाने टाकू?"

"आत्ता वाचलंत त्याच तोंडाने."

वाचनालयाच्या दाराचं कुलूप तू काढायचं, असं तिथेच ठरलं. हात सगळ्यांचे वर होते, शिंप्याचा आधी. दिवस मात्र ठरवलेला नाही. तुला कधी जमेल ते कळव, आम्ही थांबू.

तू आलास म्हणजे मला माफ केलंस, असं मी धरून चालणार नाही. पण ये.

तुझ्या बाजूने बोलायला उशीर केलेली,
तुझी ताई