रेशमाबाईंचं बियाणं मी निवडलं

पिंप्राळा, जळगाव
१४ जून

ती. सौ. अक्कास,

योगराजचा नमस्कार. भाऊजींचा गुडघा देवपूरच्या घराचा जिना चढू देतो का? तेल लावणं त्यांनी सोडलं असेल, तर तेही कळव. इकडे सगळे ठीक आहेत. मी जरा कमी ठीक आहे, त्याची हकीकत अशी.

आमच्या संस्थेनं मला सातपुड्याच्या पायथ्याशी पावरा शेतकऱ्यांना सेंद्रिय शेती आणि लहरी हवामानात तगणारी मिश्र पिकं शिकवायला धाडलंय. (मी वाणिज्य शाखेचा, हे तुला ठाऊक आहे. त्यांना अजून नाही.) परवा त्यांच्यातल्या रेशमाबाईंकडे पोचलो, तर त्या पाण्याला गेलेल्या. ओट्यावर टोपली, तिच्यात ज्वारी, तूर, उडीद, चवळी, अंबाडी, सगळं एकत्र. पेरणी तोंडावर आणि बाईंचा हा गोंधळ! नुसतं बसण्यापेक्षा मदत करावी म्हणून चष्मा लावून दोन तास निवडत बसलो. पाच ढीग इतके देखणे झाले की त्यांचा फोटोही काढला. तळाशी उरलेलं बारीक पिवळं काहीतरी कचरा समजून कोंबड्यांना टाकलं. (त्यांची झुंबड पाहून मला शंका यायला हवी होती.)

रेशमाबाई आल्या आणि डोक्यावरचा हंडा उतरवायचं विसरल्या. "भाऊ, हाई बठ्ठं मीच मिसाळेल व्हतं."

आतून त्यांच्या सासूबाई म्हणाल्या, "शहरना माणूस शे. उद्या खिचडीमधली दाय बी निवडी दी."

मग कळलं, की हे सगळं त्यांनी मुद्दामच मिसळलं होतं; पाऊस दडी मारो नाहीतर झोडपो, या मिसळीतलं काहीतरी घरात येतंच. प्रमाण किती, म्हणून मी वही काढली. रेशमाबाईंनी मूठ दाखवली. मूठ सासूबाईंची की तुमची, हे मी विचारलं (हात दोघींचे अगदीच वेगळे), तेव्हा दोघी विचारात पडल्या. हे त्यांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं. पिशवीतलं मिश्र पिकांचं रंगीत पोस्टर मी बाहेर काढलं नाही. डायरीत 'प्रशिक्षित व्यक्ती : एक' लिहून पुढे स्वतःचं नाव घातलं.

तुझा,
योगराज

ता.क. : ते बारीक पिवळं म्हणजे राळा, मिसळीतलं सहावं धान्य. सासूबाईंनी वर्षानुवर्षं राखलेला, आणि गावात आता दुसऱ्या कुणाकडे नाही. होळीला त्यांनी मला एक पुरचुंडी दिली होती, ती मी गाठ न सोडताच तुला दिली. "हे कांडणार कोण?" म्हणून तू मला चांगलंच बोलली होतीस. कांडला नसशील, तर पत्र आणणाऱ्या लीलाधर सरांजवळच दे, ते आज संध्याकाळी परततील. रेशमाबाईंकडे आभाळ भरलंय आणि पेरणी तेवढ्यासाठी थांबलीय.

ता.क. २ : फोन मुद्दाम केला नाही. राळ्याची खीर झाली असेल, तर ते लगेच ऐकायची तयारी नव्हती. रेशमाबाईंना मी "आहे" म्हणून सांगून आलोय.