कर्बोदकांचा कोरा रकाना

माधुरी गो,

म्हशी घेऊन वरच्या माळावर चाललेय, दुपारपर्यंत येते. टोपात करांदे उकडून ठेवलेत, रानातून खणून आणलेले कंद हायत.

काल अंगणात तू चक्कर येऊन बसलीस, म्हणून फ्रिजवरचा तुझा पॅलिओचा तक्ता मी दोनदा वाचला. शेती नव्हती तेव्हाची माणसं खायची तेवढंच खायचं, म्हणून भात, भाकरी, डाळ, दूध बंद, ते कळलं. दारात दोन म्हशी असून सून दूध पीत नाय, हे जड गेलं, पण असू दे. पुढं तीन रकाने हायत. प्रथिनांत अंडी नि कोंबडी, चरबीत खोबरं. कर्बोदकांचा रकाना मात्र आठ दिवस कोराच का गो? तिथं रताळं चालतं, असं तूच वर लिहिलंयस. मग करांदे पण चालतील ना? नांगर नव्हता तेव्हापासून माणसं तेच खात असणार. एका वेळी किती खायचे ते मोबाइलवर बघ नि मला पण सांग. आज उपाशी राहू नकोस.

दुसरं सांगायचं म्हणजे, शेजारच्या बारशाला मी चारचौघींत म्हटलं, 'आमची सून दारात मावत नाय.' सगळ्या हसल्या. तू पण हसलीस, म्हणून वाटलं, तुला लागलं नाय. तक्त्यावरची पहिली तारीख बारशाच्या दुसऱ्या दिवसाची हाय, हे काल बघितलं. चुकलं माझं.

त्या सगळ्यांना उद्या चहाला बोलावलंय. बोलले त्यांच्यासमोर, तर माफी पण त्यांच्यासमोरच मागणार. तू फक्त माझ्या शेजारी बस.

आई